गुडघ्याचं ऑपरेशन, अकरा किलो वजन आणि शिंप्याची टेप

सगळ्यात आधी एक काम करा, घरात शिवणकामाच्या डब्यात ती पिवळी टेप असते ना, शिंप्याची, ती काढून समोर ठेवा. वजनकाटा राहू द्या सध्या पलंगाखाली, त्याचं काम पुढे येईल आणि ते तुम्हाला वाटतं ते नाही.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण खरा विषय पुढे आहे. वय ४१, ऑफिसची नोकरी, आठवड्यातून तीन सकाळी बॅडमिंटन आणि रविवारी रात्री नागपुरात मनीषनगरच्या बाजूला टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या मैदानावर, बॉक्स क्रिकेट. डिसेंबरमधला रविवार. दुसरी रन घ्यायला वळलो, बूट टर्फमध्ये अडकला, अंग वळलं पण गुडघा तिथंच राहिला आणि आतून ‘टक्’ आवाज आला. मित्र म्हणे, अबे काही नाही झालं, बरफ लाव अन् झोप. पहिल्या डॉक्टरनेही मुरगळला म्हणून पट्टा बांधून पाठवलं, त्यात तीन आठवडे गेले. मग जिना उतरताना गुडघा अचानक सटकला तेव्हा एमआरआय केला, तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी, तुटलेली. फेब्रुवारीत ऑपरेशन. एप्रिलमध्ये काट्यावर उभा राहिलो तर ७८ चा ८९ झालो होतो.

हे अकरा किलो आले कुठून? मी हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, अकरा किलोचे झाले ८४,७००, दीडशे दिवसांत भागले तर रोजचे ५६५. त्यातले तीनेकशे हलणं बंद झालं म्हणून. बाकीचे म्हणजे आईने “हाड-सांधा भरून यायला पायजे” म्हणून रोज दिलेला डिंकाचा लाडू आणि वर काहीतरी चघळणं. बस्स, इतकंच. कोणी राक्षसासारखं खाल्लं नव्हतं. घरात एक माणूस पाय पसरून बसला की सगळे त्याला खाऊच घालत असतात आणि तोही टीव्ही बघत खातच असतो.

आता गंमत अशी की पोट वाढत होतं तेव्हाच मांडी वाळत होती. फिजिओ मॅडमने पहिल्याच दिवशी टेप काढली, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर मोजून पेनने खूण केली, तिथे दोन्ही मांड्यांचा घेर घेतला. चांगला पाय ५०, ऑपरेशनचा ४६. म्हणाल्या, “सर, तुम्हाला वजन कमी करायचंय ते ठीक, पण हे चार सेंटिमीटर आधी परत आणायचेत.” म्हणजे एकाच शरीरात एक जागा कमी करायची आणि एक वाढवायची. नुसता काटा बघत राहिलात तर काटा खाली येईल पण त्यात मांडीपण जाईल, आणि मांडी गेली की गुडघ्याला सांभाळणारं कोणी उरत नाही. म्हणून दोन आकडे वहीत लिहा, बेंबीवरचा पोटाचा घेर आणि त्या खुणेवरचा मांडीचा घेर, दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी.

पहिले काही आठवडे: डाएट नको, पाय सरळ करा

ऑपरेशन झालेलं असो की नसो, सुरुवातीला सूज उतरवणं आणि पाय पूर्ण सरळ होणं एवढंच काम आहे. इथे लोकं एक चूक हमखास करतात, मीपण केली, गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन झोपायचं. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि मग तो सरळ करायला महिनेच्या महिने जातात. उशी घ्यायची तर टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू द्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुखतं. तरी करायचं.

दुसरं, गुडघ्याखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी कडक करायची, पाच सेकंद धरायची आणि सोडायची. दहाचे तीन सेट, दिवसभरात जमेल तितक्यांदा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी मी मांडीला सांगतोय की आवळ आणि मांडी ऐकतच नाही, जणू दुसऱ्याचा पाय लावलाय. सुजलेल्या गुडघ्यामुळे मेंदू त्या स्नायूला गप्प बसवतो, त्याला परत जागं करणं हेच या व्यायामाचं काम. मग टाच गादीवरून घसरवत पाय वाकवणं, मग पाय सरळ ठेवून उचलणं, उचलताना गुडघा वाकत असेल तर अजून वेळ आहे समजा.

बर्फ १५ ते २० मिनिटं, मधे कापड ठेवून. मालीश मात्र नको. आपल्याकडे कोणीतरी काका सांगतोच की अमक्या पहेलवानाकडे जा, एका झटक्यात बसवून देतो. सुजलेल्या, नुकत्याच शिवलेल्या गुडघ्याला कोणालाही हात लावू देऊ नका. आणि पोटरी एकदम सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर ते रक्ताची गाठ असू शकतं, घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, गुडघा मधेच अडकून बसला, तरी तेच.

या दिवसांत कडक डाएट करू नका. जखम भरायला शरीराला माल लागतो. लाडू बंद करा, जेवण बंद करू नका. हात मोकळे आहेत ना, खुर्चीत बसून लिटरच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्याचे आणि दंडाचे व्यायाम करा, एक लिटर म्हणजे एक किलो, फुकटचे डंबेल.

स्वयंपाकघरातला हिशेब

पाय जायबंदी आहे तोवर घाम गाळून वजन उतरत नाही, कारण घाम गाळायला पायच लागतात. वजन उतरतं ते स्वयंपाकघरात. आणि आमच्या नागपुरात म्हणाल तर तेलात.

आमच्या घरी चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. म्हणजे माणशी रोज चाळीस मिलीच्या वर, जवळपास साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. बायकोशी बोलून (भांडून म्हणा) ते तीन लिटरवर आणलं, तर माणशी रोजच्या १३०-१४० कॅलरी कमी झाल्या आणि कोणाला फारसं कळलंपण नाही. युक्ती एकच, पिशवी फोडली की तेल छोट्या बरणीत काढायचं आणि कढईत बरणीतून न ओतता चमच्याने घालायचं.

तर्री पोहे सोडा असं मी सांगणार नाही, सांगून कोणी ऐकणारपण नाही. मी रोजचे बंद केले, रविवारी खातो, आणि वरचं लाल तेल बाजूला सारून खालचे चणे जास्त मागतो. सावजीत मटणाचे तुकडे खा, भाकरीने रस्सा पुसून पुसून खाऊ नका, सगळी गडबड त्या रश्श्यातच आहे. पुडाची वडी, संत्रा बर्फी, हे पाहुणे आले की. संत्री मात्र बिनधास्त खा, १०० ग्रॅमला पन्नासेक कॅलरी, पण सोलून खा, ज्यूस काढून नको, ग्लासात चार संत्री जातात अन् पोट काही भरत नाही.

खरा प्रश्न प्रोटीनचा आहे. मांडी भरायची तर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ८० किलोच्या माणसाला रोज १०० ते १२० ग्रॅम. वरण-भात-पोळी-भाजीत त्याच्या अर्ध्यावर गाडी अडकते, कारण वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात. मी हे असं बसवलं: सकाळी तीन अंडी किंवा मुगाचे दोन चिले आणि सोबत वाटीभर दही, दुपारी ज्वारीची दीड भाकर, घट्ट तुरीचं वरण दोन वाट्या, भाजी, ताक, संध्याकाळी मूठभर फुटाणे, आणि रात्री सोया वडी. सोयाबीन तर आपल्या विदर्भातलंच पीक आहे, पण घरात सोया वडी म्हटलं की लोकं तोंड वाकडं करतात. सुकी ४० ग्रॅम वडी भिजवली की २० ग्रॅम प्रोटीन, इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. नीट पिळून, आलं-लसूण आणि सावजी मसाल्यात केली तर पोट्टे पण खातात. मांसाहारी असाल तर १०० ग्रॅम शिजलेलं चिकन ब्रेस्ट, तीसेक ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरला विचारूनच, स्वतःच्या मनाने नको.

दिवसाला तीन-चारशे कॅलरी कमी, त्यापेक्षा जास्त ओढू नका. माझं सरासरी आठवड्याला पाव किलोच उतरलं. हे ऐकून ऑफिसातले हसले, म्हणे एका महिन्यात दहा किलो कमी करणारे असतात. असतील, त्यांची मांडी कोणी मोजली होती का?

आता वजनकाट्याचं खरं काम

काठ्या सुटल्या की माणसाला वाटतं आपण नीट चालतोय. नाही चालत. मॅडमने मला काट्याच्या बाजूला काट्याइतक्याच जाडीचं एक लाकडी फळकूट ठेवायला लावलं, दुखरा पाय काट्यावर, चांगला फळकुटावर, समोर बघून सरळ उभं राहा, आकडा आम्ही वाचतो. माझं वजन ८९, म्हणजे काट्यावर साडेचव्वेचाळीसच्या आसपास यायला पाहिजे. आला ३४. मला तर शपथेवर वाटत होतं की दोन्ही पायांवर सारखा उभा आहे. दहा किलो चोरून दुसऱ्या पायावर टाकत होतो, आणि मग चार महिन्यांनी चांगला गुडघा का दुखतो म्हणून लोकं विचारतात.

हे घरी करा, बाजूला खुर्ची धरायला ठेवा. आधी नुसतं उभं राहून आकडा निम्म्यावर आणा, मग तसंच किंचित गुडघे वाकवून. मला तीन आठवडे लागले.

त्यानंतर ताकदीचे व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. खुर्चीवरून हात न लावता उठणं आणि तीन आकडे मोजत हळू बसणं. पाठीवर झोपून कंबर उचलणं. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं. पायरीवर चढणं-उतरणं, आधी वीतभरापेक्षा कमी उंचीची पायरी. टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, तीन सेट, सहज जमायला लागलं की पाठीवर पोरीची शाळेची बॅग, त्यात पुस्तकं. नुसते आकडे वाढवत बसू नका, वजन वाढवा, स्नायू वजनानेच भरतो. नवी एसीएल म्हणून मांडीच्या मागच्या भागातल्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून बसवली असेल तर त्या भागाचे जोरकस व्यायाम फिजिओ म्हणेपर्यंत थांबवा. खाजगी फिजिओ परवडत नसेल तर मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीचा विभाग आहे, रांग असते, पण एकदा शिकून घेतलं की बाकी घरीच करायचं असतं.

किती दुखलं तर चालेल? नियम सोपा आहे. दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, आणि ते २४ तासांत पहिल्यासारखं झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला, वाटीच्या बाजूचे खड्डे भरून दिसले, तर काल जास्त झालं, एक पायरी मागे या. घोटा, खांदा, पाठ, कुठलीही दुखापत असो, हा २४ तासांचा नियम सगळीकडे चालतो. फक्त पेनकिलर खाऊन व्यायाम करू नका, मग कळणार कसं?

चालणं, सायकल, पाणी, आणि नागपूरचं ऊन

माझं ऑपरेशन फेब्रुवारीत, म्हणजे चालायचा काळ नेमका एप्रिल-मे. ४५ डिग्रीत कोण फिरतं? साडेपाचला उठायचं, साडेसहाच्या आत घरी. सुरुवात घरासमोरच्या सपाट गल्लीत दहा मिनिटांनी, मग सिव्हिल लाइन्समधला वॉकर्स स्ट्रीट, झाडं आहेत आणि रस्ता बरा आहे. फुटाळा तलावावर संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत कोणीतरी धडकतं आणि बाजूला भुट्टा, पाणीपुरी सगळं उभं असतं, जाणार वजन कमी करायला आणि येणार वाढवून. सेमिनरी हिल्स शेवटी ठेवा, कारण चढापेक्षा उतार गुडघ्याला जास्त त्रास देतो, चढताना दम लागतो म्हणून लोकं घाबरतात आणि उतरताना बिनधास्त सुटतात, उलटं आहे ते.

एका जागी असणारी सायकल सगळ्यात चांगली, पण गुडघा साधारण ११० डिग्री वाकल्याशिवाय पॅडल पूर्ण फिरत नाही, त्याआधी नुसतं पुढे-मागे झुलवा. सीट उंच ठेवा. मी कूलरसमोर सायकल लावून वीस मिनिटांपासून चाळीसवर गेलो. पोहायचं तर जखमा पूर्ण बुजल्यावर आणि डॉक्टर हो म्हणाल्यावरच, आणि बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. छातीएवढ्या पाण्यात नुसतं चाललात तरी पुष्कळ. आणि हो, गाडीला किक मारू नका, सेल्फ बिघडला असेल तर आधी तो दुरुस्त करा.

जूनमध्ये एक वेळ अशी आली की सहा आठवडे काटा ८४ वरून हलायलाच तयार नाही. मी वैतागून रात्रीचं जेवण बंद करायला निघालो होतो. वही काढली तर त्याच सहा आठवड्यांत पोट ९९ वरून ९६ आणि मांडी ४७ वरून साडेअठ्ठेचाळीस. जेवण चालू ठेवलं.

वजन उतरल्याचा गुडघ्याला नक्की काय फायदा, तर जाड, वयस्कर, गुडघे झिजलेल्या लोकांवर २००५ मध्ये आलेला एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की एक किलो उतरलं की दर पावलामागे गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो. मी जिन्यावर हे मनात मोजत चढायचो.

धावणं आणि परत खेळणं

कॅलेंडरमध्ये चार महिने झाले म्हणून धावायचं नसतं. अर्धा तास भरभर चालून सूज येत नाही, एका पायावर वीसेक वेळा टाच उचलता येते, एका पायावर खुर्चीतून उठता येतं आणि त्या पायावर छोटी उडी मारताना भीती वाटत नाही, हे सगळं जमलं आणि सर्जन हो म्हणाला की सुरू करा. एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवस आड. मऊ, सपाट जमीन. पावसाळ्यात तलावाच्या काठच्या शेवाळलेल्या फरशा टाळा, मी एकदा घसरलो आणि रात्रभर झोपलो नाही.

रवींद्र जडेजाचं उदाहरण सगळे देतात. सप्टेंबर २०२२ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच नागपूरच्या जामठा स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या पाच विकेट आणि वर ७० रन. बघा, पाच महिन्यांत आला की! पण त्याआधी जानेवारीत तो सौराष्ट्राकडून रणजी खेळला होता, चेन्नईला, पाय तपासायला, हे कोणी सांगत नाही. शिवाय त्याच्यामागे दिवसभर बेंगळुरूच्या क्रिकेट अकादमीची माणसं होती. आपल्या मागे कूलर आहे. एसीएलच्या ऑपरेशननंतर वळण्या-पळण्याच्या खेळाला किमान नऊ महिने, आणि दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची लांब उडी चांगल्या पायाच्या ९० टक्के, ही दोन्ही कुलपं उघडल्याशिवाय टर्फवर पाय ठेवू नका. उडी घरीच मोजता येते, खडूची रेघ आणि तीच टेप. माझी ऑगस्टमध्ये ७६ टक्के होती, ऑक्टोबर संपता संपता ९२.

नोव्हेंबरमध्ये गेलो. वजन ८०, पोट ९३, मांडीत अजून एक सेंटिमीटरचा फरक. बूट बदलले, जुन्या बुटांचे लांब खिळे टर्फ धरून ठेवायचे, आता छोट्या रबरी दाण्यांचे घेतले, पाय वळताना सुटतो. पंधरा मिनिटं अंग गरम केलं, तीन ओव्हर टाकल्या, बॅटिंगला आलो. लेगला बॉल मारला, एक रन आरामात झाली, समोरून मित्र ओरडला, “अबे दुसरी आहे, ये!”

मी क्रीजमध्ये बॅट टेकवून उभाच राहिलो. तो अर्ध्यातून परत पळाला, रनआऊट होता होता वाचला, आणि घरी पोचेपर्यंत शिव्या देत होता.